डिस्प्ले आला नाही, तर दुसऱ्यांदा बटण दाबू नका

गेल्या हिवाळ्यापासून माझ्या टेबलावर कॉम्प्युटरचे जळालेले रॅम स्लॉट, म्हणजे मेमरीची पट्टी जिथे खोचतात त्या जागा, जास्त यायला लागलेत. कारण उघड आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायचं म्हटलं की आधी रॅम वाढवायची गोष्ट निघते, आणि नेमके त्याच सुमारास रॅमचे भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीरच करून टाकलं. मग लोक एका मशीनमधली रॅम काढून दुसऱ्यात घालतात, ओळखीतून सेकंडहँड घेतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक फेरी मारून येतात आणि घरीच बसवतात.

घरी बसवायला माझा अजिबात विरोध नाही. नवी मुंबईत कोपरखैरण्यात माझा चिपलेव्हल रिपेअरिंगचा, म्हणजे बोर्डावरच्या चिपपर्यंत जाऊन दुरुस्ती करण्याचा, गाळा आहे, त्याआधी महाप्याला नोकरी करत होते, आणि इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय की रॅम बसवणं हे काम प्रत्येकाला यायला हवं. विशेषतः मुलींना. स्क्रू काढून कॅबिनेटची बाजू उघडली की अर्धी भीती जाते. पण हे काम सोपं आहे असं सांगणारे त्यात जळतं काय आणि कशामुळे, ते सांगत नाहीत. ते मला सांगायचंय.

बहुतेकांना वाटतं रॅम उडते ती अंगातल्या स्थिर विजेने. ती भीती खोटी नाही. माणसाला बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, चिपला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरतं. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आत चिप दुखावलेली असू शकते. एसी लावलेल्या कोरड्या खोलीत, पायाखाली गालिचा असेल तर ही काळजी घ्याच: आधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावा, रॅम कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. पण आपल्याकडची हवा वर्षातले बरेच महिने इतकी दमट असते की स्थिर विजेने गेलेली रॅम मी क्वचित बघते. माझ्याकडे येतं ते वेगळंच. अर्धवट किंवा उलटी बसलेली रॅम, आणि तिच्यावर तीनचार वेळा दाबलेलं पॉवरचं बटण.

डेस्कटॉपची कोणतीही डीडीआर रॅम घ्या (डीडीआर हे रॅमच्या जातीचं नाव, पुढचा आकडा तिची पिढी), लांबी तीच, १३३.३५ मिलिमीटर. डीडीआर-२ला २४० पिना, डीडीआर-३लाही २४०च. डीडीआर-४ला २८८, डीडीआर-५लाही २८८. नुसत्या नजरेला सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात. फरक असतो तो खालच्या कडेला असलेल्या खाचेच्या जागेत आणि आतल्या व्होल्टेजमध्ये. डीडीआर-२ चालते १.८ व्होल्टवर, डीडीआर-३ १.५वर, डीडीआर-४ १.२वर, डीडीआर-५ १.१वर. चुकीच्या पिढीची रॅम स्लॉटमध्ये जाऊच नये, म्हणून प्रत्येक पिढीत खाच थोडी सरकवलेली असते. शिवाय ती बरोबर मधोमध नसते, त्यामुळे योग्य पिढीची रॅमसुद्धा उलटी जात नाही. निदान जाऊ नये.

जाते ती जोराने. डीडीआर-४ आणि डीडीआर-५च्या खाचांमधला फरक इतका थोडा आहे की दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. स्लॉटवर टेकवली की ‘बसली’ असंच वाटतं. मग माणूस अंगठ्यांनी रेटतो. एक टोक खाली जातं, दुसरं स्लॉटच्या मधल्या उंचवट्यावर, जो खाचेत शिरायला हवा त्यावर, अडकतं. एका बाजूची क्लिप लागते आणि तेवढ्या आवाजावर माणूस विश्वास ठेवतो.

आता आत काय होतं बघा. डीडीआर-४ आणि डीडीआर-५च्या स्लॉटमध्ये दोन शेजारच्या पिनांच्या मध्यांमधलं अंतर असतं ०.८५ मिलिमीटर. एवढ्याशा जागेत व्होल्टेजच्या, ग्राउंडच्या आणि सिग्नलच्या पिना आलटून पालटून असतात. रॅम तिरकी बसली की तिची एक सोनेरी पट्टी स्लॉटच्या दोन पिनांना एकदम टेकू शकते. उलटी बसली तर व्होल्टेजच्या जागी ग्राउंड येऊ शकतं. वीज नसेपर्यंत यातलं काहीही बिघडत नाही. रॅम काढा, नीट लावा, विषय संपला. बिघडतं ते बटण दाबल्यावर.

बऱ्याच बोर्डांना थोडं संरक्षण असतं. शॉर्ट दिसला की बोर्ड स्वतःच वीज तोडतो. ते कसं ओळखायचं? पंखा अर्धी फेरी घेतो आणि थांबतो. कधी दर दोन सेकंदांनी फिरतो-थांबतो. याचा अर्थ बोर्ड तुम्हाला सांगतोय की कुठेतरी शॉर्ट आहे, मला चालू करू नका. आणि नेमकं इथेच लोक ‘लूज कॉन्टॅक्ट असेल’ म्हणून बटण पुन्हा दाबतात. मग धरून ठेवतात. मग एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, मागचं बटण बंद-चालू करून परत दाबतात. दर वेळी त्याच दोन पिनांमधून करंट जातो, त्या तापतात, मधलं प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि पहिल्या वेळी जे नुसतं टेकलेलं होतं ते तिसऱ्या वेळी चिकटतं.

मध्यंतरी एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक माथाडी काका आले होते. स्कूटरच्या पुढे पायांत कॅबिनेट, चादरीत गुंडाळलेलं, मागे मुलगा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मुलगा टेबलापासून लांबच उभा राहिला. काकांनी कॅबिनेट ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, “ताई, ह्याला काही बोलू नका. रात्रीपास्नं जेवला नाही.”

मी म्हटलं, “बोलायचं कशाला काका, शिकतोय तो. काय झालं तेवढं सांग रे बाळा.”

त्याने अगदी नीट सांगितलं. मित्राकडून ८ जीबीची डीडीआर-४ घेतली होती. कॅबिनेट टेबलाखाली, उभंच होतं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये बसवली. वरची क्लिप लागली, खालची नीट दिसत नव्हती. डिस्प्ले आला नाही. पंखा जरासा हलला. पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मग वास आला.

मी त्याला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं, कारण हे डोळ्यांनी बघितलेलं विसरत नाही. स्लॉटच्या आत खालच्या टोकाकडे दोन पिना रांग सोडून एकमेकींकडे झुकलेल्या. त्यांच्यामधली प्लॅस्टिकची भिंत फुगून तपकिरी झालेली, वरच्या कडेला काळी. रॅमच्या कडेवर त्याच जागी दोन सोनेरी पट्ट्यांवरचं सोनं उडालेलं, खालचं तांबं खड्ड्याखड्ड्यांनी उघडं पडलेलं. एका पट्टीवर वितळलेल्या प्लॅस्टिकचा मोहरीएवढा थेंब. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे ही उलटी होती.” मी म्हटलं, “हो. आणि पंखा हलून थांबला तेव्हा बोर्ड तुला तेच सांगत होता.”

मग मोजायला घेतलं. जळालेली रॅम बाहेर काढून तिच्या व्होल्टेजच्या पट्टीपासून ग्राउंडपर्यंत मल्टिमीटर लावला, सलग बीप, म्हणजे शॉर्ट. ती गेलीच होती. खरा प्रश्न पुढे होता. पूर्वी मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३मध्ये अ‍ॅथलॉन ६४पासून तो प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलने २००८मध्ये पहिल्या कोअर आय-७पासून. तेव्हापासून रॅमच्या पिनांचे सिग्नल थेट प्रोसेसरला जाऊन भिडतात. म्हणजे रॅम बसवताना चूक झाली की स्लॉट, बोर्ड आणि प्रोसेसर असे तिघेही पणाला लागतात. घरच्यांना वाटतं रॅम गेली, आणि गेलेला असतो प्रोसेसर.

बोर्डावर रॅमच्या १.२ व्होल्टच्या लाइनचा रेझिस्टन्स बघितला. शॉर्ट नव्हता. प्रोसेसर काढून सॉकेट तपासला, स्वच्छ. प्रोसेसर परत बसवला, त्याची जुनी ८ जीबीची रॅम दुसऱ्या चॅनेलच्या, म्हणजे प्रोसेसरकडे वेगळ्या वाटेने जाणाऱ्या, स्लॉटमध्ये लावली, बटण दाबलं. काकांनी हात जोडले होते, मला दिसत होतं. डिस्प्ले आला. मुलगा तिथेच स्टुलावर बसला. मी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून मशीन रात्रभर ठेवून घेतलं, कारण नुसता डिस्प्ले आला म्हणजे मेमरी कंट्रोलर धडधाकट आहे असं होत नाही. सकाळी एकही एरर नव्हती.

जळालेला स्लॉट मी बदलला नाही. बदलता येतो. खालून प्रीहीटरने बोर्ड तापवायचा, जुना स्लॉट उपसायचा, एखाद्या मेलेल्या बोर्डावरचा काढून लावायचा. पण २८८ पिनांचं ते काम एका साध्या बोर्डावर करायचं म्हणजे जितका खर्च तितकीच जोखीम, आणि त्या बोर्डाला आणखी तीन स्लॉट होते. मी तो स्लॉट स्वच्छ करून, शॉर्ट मोकळा करून, वरून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न जाऊ देणारी चिकटपट्टी) लावून बंद केला. पुढे कुणाच्या हातात मशीन गेलं तरी चुकून तिथे रॅम जायला नको. काकांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते मुलाला एवढंच म्हणाले, “पुढल्या येळी आडवा करून बसव. उभ्यानं नको.”

या विषयावरचा इतका नेमका सल्ला मी कुठल्या व्हिडिओत ऐकलेला नाही. कॅबिनेट बाहेर काढा, टेबलावर आडवं करा, दिवसाउजेडी करा. उभ्या कॅबिनेटमध्ये माणूस एका हाताने तोल सावरतो आणि दुसऱ्या हाताने एकच टोक दाबतो. आडवं असलं की दोन अंगठे दोन टोकांना ठेवता येतात आणि वजन सरळ खाली जातं. बोर्ड दाबाने वाकतानाही दिसतो. तो वाकणं वाईटच, खाली टेकू नसलेल्या जागी जास्त दाब पडला तर चिपखालचे सोल्डरचे टाके तडकतात, आणि तो दोष महिन्यांनी उमटतो. आधी खाच आणि उंचवटा जुळतात का ते रॅम स्लॉटशेजारी धरून बघा. जुळत असतील तर बेताचा दाब पुरतो. काही बोर्डांना एकाच बाजूला हलणारी क्लिप असते, दुसरी बाजू पक्की. तिथे दोन आवाजांची वाट बघत रेटत बसू नका. आवाजापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवा. रॅमची वरची कड स्लॉटला समांतर हवी आणि सोनेरी रेघ दोन्ही टोकांना सारखी दिसायला हवी, किंवा सारखीच दिसेनाशी व्हायला हवी.

वीज बंद करणं म्हणजे काय, यावर थोडं जास्त लिहिते. शटडाऊन केलं तरी एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन देत राहतो. बोर्डावरचा छोटा दिवा पेटलेला दिसतो तो तिच्यावर. मशीन स्लीपमध्ये असेल तर रॅमला चक्क पूर्ण वीज चालू असते, कारण स्लीपमध्ये सगळं काम रॅममध्येच राखलेलं असतं. स्क्रीन काळी, पंखा बंद, माणसाला वाटतं मशीन बंद आहे. त्या अवस्थेत रॅम उपसली किंवा घातली की पिना एकमेकींवरून घासत जाताना वीज असते. आणि आपल्या भागात घरोघरी यूपीएस आहेत. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं समजणाऱ्यांचा यूपीएस टेबलाखाली बॅटरीवर मशीनला वीज देतच असतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, केबल कॅबिनेटच्या मागून, म्हणजे एसएमपीएसमधून उपटा. मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा दिवा विझला की हात घाला.

लॅपटॉपमध्ये हेच काम बॅटरीचं कनेक्टर करतं. चार्जर काढलात पण आतली बॅटरी जोडलेलीच ठेवलीत, तर तुम्ही चालू बोर्डावरच काम करताय. आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. लॅपटॉपची रॅम साधारण ३० अंशांत तिरकी सरकवायची आणि शेवटपर्यंत गेल्यावरच खाली दाबायची. पुरती आत न जाता दाबली की बाजूच्या पत्र्याच्या क्लिपा वाकतात. २०१३-१४नंतरच्या डीडीआर-३ लॅपटॉपना बहुतेक वेळा १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल रॅम लागते. जुनी १.५ व्होल्टची रॅम त्याच स्लॉटमध्ये छान बसते, म्हणून लोक फसतात. पट्टीवरच्या स्टिकरवर पीसी३एल लिहिलेलं आहे का ते बघूनच घ्या. सर्व्हरमधून निघालेल्या डीडीआर-४ रॅमचंही तसंच. स्वस्तात मिळतात, घरच्या स्लॉटमध्ये बसतातही, पण साधा डेस्कटॉप बोर्ड त्यांच्यावर सहसा सुरू होत नाही. मग ‘नीट बसली नसेल’ म्हणून रेटारेटी सुरू होते.

डीडीआर-५बद्दल दोन गोष्टी. या रॅमच्या पट्टीवरच वीज सांभाळणारी चिप असते. बोर्ड तिला ५ व्होल्ट देतो आणि ती त्याचे १.१ व्होल्ट करते. म्हणजे जिथे सिग्नल एखाद्या व्होल्टचे आहेत, त्याच स्लॉटमध्ये आता ५ व्होल्ट येऊन उभे आहेत. तिरक्या रॅमची किंमत वाढली आहे, बाजारातलीही आणि चुकीचीही. दुसरी गोष्ट, नवी डीडीआर-५ पहिल्यांदा लावली की बोर्ड तिच्याशी वेळ जुळवून घेतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि रॅम जास्त असेल तर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. इथे पंखे नीट फिरत असतात, वास नसतो. घाबरून चालू मशीनमधून रॅम ओढणारे मी बघितलेत. रॅम समांतर बसलीय याची खात्री आधीच केलेली असेल, तर स्वस्थ बसा. पंखा फिरतो-थांबतो आणि पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत ताबडतोब केबल काढायची, दुसरीत वाट बघायची.

खोडरबराचंही सांगते, कारण पावसाळ्यात प्रत्येक फोन त्याच प्रश्नाचा असतो. खाडीकडच्या हवेने पट्ट्यांवर थर बसतो, रॅम काढून पुसून लावली की मशीन सुरू होतं, हे खरं आहे. पण त्या पट्ट्यांवर सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि खोडरबर तो खरवडतो. दर पावसाळ्यात घासलेल्या रॅमवर खालचं निकेल दिसायला लागतं. आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावलेलं मऊ कापड एकदा फिरवा, वाळू द्या, मग लावा. रबराचा कण स्लॉटमध्ये पडला की पुढची रॅम त्या जागी टेकतच नाही, आणि मग परत जोर. परत तेच.

आणि एवढं करूनही जळालंच, तर तिथे थांबा. केबल काढा. रॅम लगेच उपसू नका. आहे त्या स्थितीत मोबाइलवर फोटो काढा, कुठली बाजू वर राहिली होती ते त्यात दिसतं आणि आमचं निम्मं शोधकाम वाचतं. मग रॅम, बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस सगळं एकत्र घेऊन दुरुस्तीला जा. वॉरंटीत जळाल्याच्या खुणा चालत नाहीत, तिथे वाद घालून उपयोग नसतो, पण जळालेल्या बोर्डावरचा प्रोसेसर पुष्कळदा जिवंत असतो आणि तो वाचवता येतो.

ती जळालेली रॅम मात्र ‘चालते का बघू’ म्हणून मित्राच्या मशीनमध्ये लावू नका. ऐरोलीतल्या दोन रूममेटचे दोन बोर्ड माझ्याकडे एकाच पिशवीतून आले होते. दोन्ही स्लॉटमध्ये त्याच जागी तसाच काळा डाग, आणि दोन्हीत लावलेली रॅम एकच.